दर खिडकीवर पुरुषच का लागतो? : दोन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. महसूल मंत्री आणि मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : सातबाऱ्यावर माझे नाव लागण्याबाबत.

स.न.वि.वि.

दोन खात्यांना दोन वेगळे अर्ज करायचे असतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. साडेचार वर्षं मी तेच करते आहे. पण गेल्या काही महिन्यांत तुमच्या दोन्ही खात्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, म्हणून पत्रही एकच लिहिते. त्यांनी माझ्याकडे पुरुष मागितला. तो माझ्याकडे नाही.

मी मराठवाड्यातल्या एका गावात राहते. वय 41, शिक्षण बारावी, गावातल्या बचत गटाची सचिव आहे. मालक मे 2021 मध्ये करोनाने गेले. दोन लेकरं आहेत, मुलगी यंदा बारावीला.

ऑक्टोबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करायला तालुक्याच्या एका सेवा केंद्रात गेले. सकाळची एसटी धरली, अकरापर्यंत साइट चालली नाही, दीड वाजता माझा नंबर लागला. आधार टाकला, माझ्या मोबाइलवर ओटीपी आला, मी तो सांगितला. वाटलं, झालं काम. मग पुढचा रकाना आला : पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक, आणि त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी. मी म्हटलं, मालक वारले. पोरगा म्हणाला, मग वडिलांचा द्या. वडील 2016 ला गेले. त्याने की-बोर्डवरचे हात काढले आणि मागे उभ्या असलेल्या वीसेक बायांसमोर, अगदी साध्या मनाने विचारलं, "काकू, मग तुमच्याकडं दुसरं कुणी पुरुष माणूस नाही का?"

त्या पोराला मी दोष देत नाही. त्याच्या समोरचा पडदा जे मागत होता तेच त्याने मागितलं. पण हा अर्ज आखताना तिथे बसलेल्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही का, की ज्यांना पती नाही आणि वडीलही नाहीत अशा बाया या राज्यात आहेत? योजनेच्या पात्रतेत विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार हे शब्द तुमच्याच शासनाने लिहिलेले आहेत. पैसे द्यायच्या वेळी आम्ही आठवलो आणि पडताळायच्या वेळी विसरलो. याच योजनेत 14 हजारांवर पुरुषांच्या नावे पैसे गेल्याचं 2025 मध्ये उघड झालं. ते पुरुष आत कसे गेले ते गेले, मला मात्र आत राहायला पुरुषाचा ओटीपी हवा होता.

ओरड झाल्यावर मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. पती-वडील हयात नसतील त्यांनी मृत्यूचा दाखला अंगणवाडीताईकडे द्यावा असं सांगितलं. दिला.

त्या दाखल्याबद्दल सांगते. तो मी एका निळ्या प्लास्टिकच्या फोल्डरात ठेवते. अस्सल प्रत एकदा पावसात भिजली, तेव्हापासून ती बाहेर काढत नाही. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढत गेले. आता काळ्या पट्ट्यात मालकांच्या आडनावाची मधली दोन अक्षरं दिसतच नाहीत. शेवटच्या वेळी एका कार्यालयात बाई म्हणाल्या, नाव नीट वाचता येत नाही, दुसरी आणा. मी तिथेच पेनाने ती दोन अक्षरं गिरवली, तर म्हणाल्या, यात खाडाखोड आहे. पन्नास हजारांच्या सानुग्रह अनुदानाला दाखला, निराधार योजनेला दाखला, बँकेत दाखला, मुलीच्या फीसवलतीला दाखला, तलाठ्याकडे तीन वेळा, अंगणवाडीत एकदा. माझा माणूस मेला हे सरकारला किती वेळा सिद्ध करून द्यायचं? सगळ्या कार्यालयांत कॉम्प्युटर आहेत, ते एकमेकांना एवढी एक गोष्ट का सांगत नाहीत?

आता महसूल मंत्री महोदय, तुमच्याकडे येते.

सासऱ्यांची सहा एकर जमीन. दोन भाऊ, एक बहीण. सासरे 2018 ला वारले तेव्हा थोरल्या दिरांचं नाव एकत्र कुटुंब मॅनेजर (एकुमॅ) म्हणून लागलं. गावात असंच करतात, घरातला मोठा म्हणून. कुणाला वावगं वाटलं नाही, मलाही नाही. मालक होते तोवर तीन एकर आम्ही कसत होतो आणि कागद काय म्हणतो हे बघायची वेळ आली नाही. ते गेले आणि तेराव्याच्या आतच भावजी म्हणाले, कागदावर सगळं माझ्या नावावर आहे, तू काळजी करू नको. त्या वाक्याचा अर्थ मला कळायला एक हंगाम गेला.

2021 मध्ये करोनात विधवा झालेल्या बायांसाठी शासनाने मिशन वात्सल्य काढलं. तालुक्याला समिती, सगळ्या योजना एका छताखाली, वारसाच्या नोंदीलाही मदत. मी फॉर्म भरला. एक बाई येऊन घराचा आणि लेकरांचा फोटो काढून गेल्या. पुढे कुणी आलं नाही.

मग 1 एप्रिल 2025 पासून जिवंत सातबारा मोहीम आली. मयत खातेदारांची नावं काढून वारसांची नावं लावणार, पुढच्या टप्प्यात एकुमॅसारखे जुने शेरेही काढणार. मी गटाच्या बैठकीत स्वतः हे वाचून दाखवलं. अकरा बायांचे अर्ज लिहून दिले, अकरावा माझा. भावजींनी हरकत घेतली. हरकत आली की फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, तक्रारी नोंदवहीत जातो आणि मंडळ अधिकाऱ्यांपुढे तारखा सुरू होतात. आजवर पाच झाल्या. पहिल्या तारखेला भावजी आले नाहीत, दुसऱ्याला साहेब दौऱ्यावर, तिसऱ्याला पंचनामे, चौथ्याला पुन्हा भावजी आले नाहीत. पाचव्या तारखेला मला विचारलं, "तुमच्यासोबत कुणी कर्ता माणूस आलाय का? बाईमाणसाला यातलं काय कळणार?"

मला कळतं, साहेब. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे, तिच्या लेकरांच्या बरोबरीने. यात कर्ता माणूस कुठे बसतो ते मला दाखवा.

पंचनाम्यावरून आठवलं. सप्टेंबरात नदी शेतात शिरली तेव्हा तीन एकरातलं सोयाबीन पाच दिवस पाण्याखाली होतं. शेंगांना झाडावरच कोंब आले. पंचनाम्याला पथक आलं तेव्हा गुडघाभर चिखलात मी उभी होते, फोटोत मी आहे, हातातलं कुजलेलं झाड माझं. 31 हजार 628 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. माझ्या तीन एकरांचं अनुदान सहा एकरांच्या एका खात्यात गेलं. बियाणं माझं, खताची उधारी माझी, ती गटाच्या कर्जातून भरलेली, त्याचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला चालूच आहे. फार्मर आयडी काढायला गेले तर सातबारा मागितला. सातबारा नाही म्हणून आयडी नाही, आयडी नाही म्हणून विमा नाही, आणि पीककर्ज देणारी सोसायटी मला दारात उभं करत नाही.

हे माझं एकटीचं रडगाणं असतं तर छापायला दिलं नसतं. 2015-16 च्या कृषी गणनेत देशात शंभरातल्या चौदा शेतखात्यांवर बाईचं नाव होतं, चौदा! आणि खेड्यात काम करणाऱ्या चार बायांपैकी तीन शेतात राबतात. ऊसतोडीला जोडपं जातं तर त्या दोघांना मिळून एक कोयता मोजतात, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, नवऱ्याच्या हातात पडते. बीड जिल्ह्यात 2019 ला सरकारनेच पाहणी केली तेव्हा 82 हजारांवर ऊसतोड बायांपैकी 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. शरीर पूर्ण लागतं, मोजताना मात्र आम्ही अर्ध्या कोयत्याच्या.

आणि कायदे नाहीत म्हणावं तर तसंही नाही. महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत हक्क 1994 ला दिला, देशाच्या अकरा वर्षं आधी. 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मानेच मिळतो असं स्पष्ट केलं. तरी माझी नणंद हक्कसोडावर सही करून गेली, आणि खरं सांगायचं तर मीही माहेरी 2017 ला केली. भाऊ रजिस्ट्री ऑफिसच्या पायरीवर म्हणाला, ताई, तुझं येणं-जाणं राहू दे ना. मी सही केली. त्या दिवशी माझं माहेर राखायला मी माझा हक्क दिला आणि आज सासरी तोच हक्क मागते आहे. हा हिशोब मला रात्री झोपू देत नाही. पण तिथल्या अधिकाऱ्याने मला बाजूला घेऊन एकदाही विचारलं नाही की बाई, तुला कळतंय का, तू काय सोडतेस. भावासमोर विचारलं, "मर्जीनं ना?" भावासमोर कुठली बहीण नाही म्हणेल?

1986 ला चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनात बाया जमल्या. तिथून पुढे लक्ष्मी मुक्ती आली, संघटनेचे नेते शरद जोशींच्या सांगण्यावरून गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. शासनानेही 1992 ला नवऱ्यासोबत बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची सोय केली. पण अर्ज कुणी करायचा? नवऱ्याने. त्याची मर्जी असेल तर. इथिओपियासारख्या आपल्याहून गरीब देशात जमिनीच्या दाखल्यावर नवरा-बायको दोघांचे फोटो लागतात, हे मी एका प्रशिक्षणात ऐकलं तेव्हा खोलीतल्या साऱ्या बाया गप्प झाल्या होत्या.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 मध्ये विधवांचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत असा ठराव केला, शासनाने त्याचं परिपत्रक राज्यभर पाठवलं. चांगलं केलं, मनापासून म्हणते. मी कुंकू लावते. पण कुंकू राहिलं आणि शेत गेलं तर लेकरांना काय खाऊ घालू? निवडणुकीत 2,100 रुपये देऊ म्हणालात, अजून 1,500 च आहेत, आणि मी त्यावर भांडत नाही. मला वाढीव सहाशे नकोत. माझी तीन एकरं द्या.

कोण ऐकणार पण? विधानसभेत 288 पैकी 21 बाया निवडून आल्या. संसदेत 2023 ला महिला आरक्षण झालं, ते जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेनंतर लागू होणार. गावात निम्म्या जागा बायांच्या आहेत तर आमच्या सरपंचबाईंच्या खुर्चीत त्यांचे मालक बसतात आणि ग्रामसेवक त्यांनाच सरपंच म्हणतो. रॅलीला बाया पाहिजेत, गाड्या भरून पाहिजेत, सतरंजीवर पुढे बसायला पाहिजेत. सही करायची वेळ आली की, मालकाला पाठवून द्या.

माझं मागणं थोडं आहे. नवरा वारला की मृत्यूच्या नोंदीवरूनच वारस फेरफाराची कारवाई सुरू व्हावी, विधवेला अर्ज घेऊन फिरावं लागू नये. हरकत घेणारा दोन तारखांना आला नाही तर निकाल द्यावा. हक्कसोड करणाऱ्या बहिणीला अधिकाऱ्याने एकटीला बसवून विचारावं. आणि शासनाच्या कुठल्याही अर्जात बाईची ओळख पटवायला पती-वडिलांचा रकाना असू नये. माझा अंगठा आहे, डोळे आहेत, मोबाइल आहे. मी मतदान करते, तेव्हाही कुणी पुरुष मागत नाही.

येत्या गुरुवारी मंडळ अधिकाऱ्यांपुढे सहावी तारीख आहे. मुलगी म्हणते, मी येते तुझ्यासोबत. तिची त्या दिवशी सराव परीक्षा आहे, मी नको म्हटलंय. अस्सल दाखला यावेळी फोल्डरातून बाहेर काढला आहे आणि त्यावरून नव्या दहा झेरॉक्स काढून ठेवल्यात.

आपली,
एका बचत गटाची सचिव,
तीन एकर कसणारी, सातबाऱ्यावर नाव नसलेली शेतकरी