बाबा, पट्टी नको, दोरा घ्या

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी मला चांगलंच कोंडीत पकडलं. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई ते न्यूअर्क (अमेरिकेत न्यूयॉर्कशेजारी, आमचं विमान उतरतं तिथं) रेघ मारली, ती अरबस्तान, इजिप्त, सहारा करत अटलांटिकवरून गेली. आणि मी म्हणत होते, विमान वर रशियाकडून जातं. "सरळ रस्ता सोडून वळसा कशाला? डिझेल फुकट मिळतंय का?" जन्मभर एसटी चालवलेल्या माणसाचा प्रश्न तो!

बाबा, नकाशा खोटं बोलतो. संत्र्याची साल सपाट केल्यावर कशी ताणली जाते, तसंच त्याचं. शेजारच्या मास्तरांकडून पृथ्वीचा गोल मागून आणा आणि आईच्या डब्यातला दोरा मुंबईवर धरून न्यूअर्कपर्यंत ताणा. तो आपसूक अफगाणिस्तान, रशिया, आइसलंड असा वर चढेल, ग्रीनलंडच्या टोकाला शिवेल आणि खाली उतरेल. हे भरतं साधारण 12,500 किलोमीटर. तुमच्या रेघेनं गेलो तर 14,000 च्या वर. आता सांगा, वळसा कोण घेतंय? (रोजचं विमान अगदी दोऱ्यावरून जात नाही. कुठल्या देशाचं आकाश बंद आहे, वारा कसा आहे, ते बघून वाट ठरते.)

दुसरा प्रश्न, इकडे यायला 16 तास आणि परत जायला 14 का? आषाढात तुम्ही सायकलवर डेपोला निघायचात आणि समोरचा वारा ढकलायचा, आठवतंय? दहा-बारा किलोमीटर उंचीवर असाच जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. इकडे येताना तो छातीवर, घरी जाताना पाठीशी.

आई, तुझी एकादशी मात्र अवघड आहे. इथलं घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ तास मागं असतं. रात्री एकला मुंबई सोडलीस की 16 तास बसूनही इथं त्याच तारखेची सकाळ, साडेसात. म्हणजे तो दिवस तुला साडेतेहतीस तासांचा पडणार. एकादशीचं तिकीट मी काढणारच नाही. गोळ्या कधी घ्यायच्या तेवढं डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे, घड्याळावर जाऊ नकोस.

एक कबुली द्यायची राहिलीय. "सोळा तासांत पोरगी येते," असं बाबा सगळ्यांना सांगतात, ते मीच त्यांच्या डोक्यात भरवलं. गेल्या वर्षी बाबांना दवाखान्यात नेल्याचा फोन आला तेव्हा थेट विमानाचं तिकीट मिळालं नाही. मधे एक विमान बदललं, मुंबईत सिद्धेश्वर एक्स्प्रेससाठी रात्रीपर्यंत थांबले, आणि इथल्या एडिसन गावातल्या माझ्या दारातून सोलापूरला तुमच्या दारात यायला 41 तास लागले. बाबा तोवर उठून बसले होते आणि मला बघून म्हणाले, "आलीस? चहा घे." तेव्हापासून किती किलोमीटर, किती तास, असं कुणी विचारलं की माझ्या तोंडून आधी 41 च निघतं.

म्हणून या वेळी तुम्ही या. थेट विमान बघते, आईला मधल्या वाटेलगतची खुर्ची घेते, म्हणजे तिला मधूनमधून उठून फिरता येईल.

दोरा न्यूअर्कपाशी गाठ मारून खिशात ठेवा. तुमच्या नातीकडे गोल आहे, पण मास्तरांच्या गोलापेक्षा मोठा, म्हणजे त्यावर तुमचा दोरा तोकडा पडणार. तिला तुमची गाठ समुद्रात कशी पडते ते बघायचंय.

तुमची,
ताई