मॉरिशसच्या कृषिमंत्र्यांना खुले पत्र: वटवाघळे मारून लिची वाचली का?

मा. कृषिमंत्री, मॉरिशस सरकार, यांस
सप्रेम नमस्कार.

लिचीला रंग चढू लागला, की बेटावर ‘वटवाघळे मारा’ ही ओरड सुरू होते. मारून झाली की! २०१५ आणि २०१६ मिळून अडतीस हजारांवर. २०१८ मध्ये आणखी तेरा हजारांचे लक्ष्य. आणि फळे खाणाऱ्या वटवाघळांची ही जात मॉरिशस व शेजारचे रेयुनियों बेट सोडून जगात कुठेही नाही. त्याच २०१८ साली ती धोक्यातील जीवांच्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ची ‘संकटग्रस्त’ झाली. तेवढीच काय ती बढती! बागायतदारांचा नफा मात्र वाढला नाही.

मादी वर्षाला एकच पिल्लू देते, आणि मोहिमा निघतात त्या पिल्ले दुधावर असताना. फाईलवर एक मेलेले, प्रत्यक्षात दोन.

जाळ्यांना अनुदान देता, छान. पण जाळी झाडावर नुसती फेकून भागत नाही. फळाला टेकली तर वटवाघूळ बाहेर बसूनच खाते. ढिली आणि मोठ्या भोकांची असली तर पंख अडकून मरते. पाइपांचा सांगाडा हवा, जाळी ताणलेली, पांढरी, करंगळी शिरणार नाही इतकी बारीक, खाली बुंध्यापर्यंत बंद. घालायची फळ धरल्यावर, रंग चढण्याआधी. मोहरात घातली तर मधमाशा कुठून येणार? जुनी उंच झाडे तर झाकताच येत नाहीत. तोडणी संपताच दरवर्षी थोडा थोडा शेंडा उतरवून ती चार-पाच मीटरवर आणावी लागतात. एकदम छाटली तर पुढचा बहर गेला. हे सगळे आम्ही शिडी लावून करायचे, आणि अर्ज टेबलाटेबलांवरून फिरून मंजूर होतो तेव्हा झाडावर नुसते देठ!

वटवाघूळ अंगणात का येते, हे कुणी विचारत नाही. उसासाठी जंगल साफ केले, धड देशी रान दोन टक्केही नाही, उरलेल्यात चिनी पेरू माजलाय. डोडो गेला, महाकासवे गेली. देशी झाडांच्या मोठ्या बिया दूरवर नेणारे हेच एक उरले, तर २०१५ मध्ये त्यालाच मारायची सोय कायद्यात केली. वाऱ्याने पडलेली फळेही त्याच्याच नावावर.

गोळ्यांचा पैसा ऑगस्टमध्येच जाळ्यांना द्या, तोडणीनंतर छाटणीच्या टोळ्यांना. तरीही बंदुका काढायच्याच असतील, तर आधी हिशेब जाहीर करा: कुणी किती खाल्ले? वटवाघळाने, पोपटाने, माकडाने, की दलालाने?

आपला,
कास्कावेलचा एक करदाता