यंदा गणपतीला येणं होणार नाही

पोर्ट ऑफ स्पेन, त्रिनिदाद
२६ फेब्रुवारी २०२३

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहितोय. मुद्द्याचं आधीच लिहितो, नाहीतर आई शेवटचं पान आधी वाचेल. यंदा गणपतीला येणं होणार नाही. नोकरीचा करार एक वर्षाने वाढवून घेतला आहे. सहीही झाली. पुढचा कार्निव्हल, म्हणजे इथला रस्त्यावरचा मोठा उत्सव, २०२४ च्या १२ आणि १३ फेब्रुवारीला आहे, तो आटोपला की पाडव्याच्या आत घरी.

तुम्ही म्हणाल, कार्निव्हल तर झाला, आता तिथे उरलंय काय? सगळं तेच उरलंय. मंगळवारी रात्री बाराला गाणी थांबली. बुधवारी सकाळी चर्चमधून बाहेर पडणाऱ्या माणसांच्या कपाळावर उपासाचे दिवस सुरू झाल्याची राख होती आणि रस्त्यात पिसं, मणी, तुटलेल्या चपला. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीचा लक्ष्मी रोड डोळ्यांपुढे आणा, म्हणजे वेगळं वर्णन करायला नको. निम्मं शहर मराकसच्या समुद्रावर जाऊन पडतं. घसा बसलेला, नाक गळतंय. त्या सर्दीतापाची दरवर्षीची साथच असते. मलाही झाली होती, दोन दिवसांत उतरली, आता ठणठणीत आहे. आणि मनाला जी हुरहूर लागते तिला इथे ‘टबांका’ म्हणतात. मुळात प्रेमभंगाचा शब्द, पण कार्निव्हलच्या पाठीही तोच लावतात. आई, तू गौरी गेल्यावर रिकाम्या कोनाड्याकडे बघत बसतेस ना, तेच.

पोशाखांचं म्हणाल तर त्यात मला फारसा रस उरला नाही. पूर्वी तार वाकवून माणसाच्या दुप्पट-तिप्पट सांगाडे उभे करणारे कारागीर होते, त्यांना ‘वायर बेंडर’ म्हणतात. आता मणी आणि पिसांचा बराच माल बाहेरून तयार येतो आणि तार वाकवणारे हात कमी होत चाललेत. आपल्या तांबट आळीला हे काही नवीन नाही. मी थांबतोय ते पॅनसाठी.

बाबा, इथून पुढचं तुमच्यासाठी. आईने चष्मा लावून मोठ्याने वाचून दाखवावं, उजव्या बाजूला बसून.

पॅन म्हणजे तेलाच्या पिंपाचं वाद्य. पिंप ५५ गॅलनचं, म्हणजे साधारण २०८ लिटरचं. घेताना आत काय होतं ते विचारायचं. रसायनाचं असेल तर पुढे तापवताना धूर छातीत जातो. बूच असलेली बाजू उपयोगाची नाही, उलटी बाजू घ्यायची. पत्रा सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर. त्यावर वर्तुळं आखायची आणि आखूड दांड्याच्या घणाने कडेपासून मध्याकडे ठोकत जायचं. टेनर, म्हणजे सगळ्यात चढ्या आवाजाचा पॅन असेल, तर मध्य आठ इंच खाली जाईपर्यंत. तुम्ही हंडा फिरवत ठोकायचात. इथे पिंप जागेवर आणि माणूस त्याच्याभोवती फिरतो. एकाच जागी चार घाव जास्त पडले की पत्रा तिथे पातळ होतो आणि चिरतो. चिरला की भंगार. तांब्यासारखं मधेच भट्टीत घालून नरम करून घ्यावं, अशी सोय नाही. त्यामुळे हात सारखा पडायला हवा. तो सारखेपणा मठारकामातला, तांब्याच्या भांड्यावर ओळीने घाव घालण्यातला आहे, आणि मला तो पुस्तकातून शिकावा लागला नाही.

खोलगट झाल्यावर प्रत्येक स्वराचा साचा ठेवून रेघ मारायची आणि बोथट पोगराने, म्हणजे ठोकायच्या जाड खिळ्याने, खाच पाडायची. एका स्वराची थरथर शेजारच्यात जाऊ नये म्हणून ही खाच. पोगराला धार राहिली तर पत्रा कापला जातो. मग खालचं पिंप कापायचं. टेनरला पाच-सहा इंचांची कड ठेवतात. बासला जवळजवळ अख्खं पिंप लागतं. एकट्या माणसाभोवती सहा पिंपं आणि प्रत्येकावर फक्त तीन स्वर.

पुढे आग, आणि इथे तुम्ही मला वेड्यात काढाल. तांबं तापवलं की मऊ पडतं. हे घण खाल्लेलं पोलाद मात्र बेताचं तापवलं की कडक होतं. पत्र्यावर निळसर झाक दिसली की आवरायचं. कमी तापलं तर लावलेला स्वर टिकत नाही, जास्त तापलं तर पोलाद ढिलं पडून आवाज बोदा येतो. ती झाक ओळखणं घड्याळावर नाही. आप्पा कल्हईच्या वेळी भांड्याकडे ज्या नजरेने बघायचे, ती नजर लागते.

टेनरवर २८-२९ स्वर. बाहेरच्या कड्यात बारा, आत त्यांचेच वरच्या सप्तकातले, मध्यभागी अगदी टिपेचे चार-पाच. आणि मांडणी बघा. कड्यातल्या प्रत्येक स्वराच्या एका बाजूला त्याचा पंचम, दुसऱ्या बाजूला मध्यम. शेजारी थरथरलाच तर कानाला खुपू नये म्हणून. एकेका स्वराच्या पट्ट्यात पुन्हा तीन आवाज लपलेले असतात. मूळ सा, त्याच्या वरचा सा आणि त्याच्याही वरचा पंचम. लांबीच्या अंगाने ठोकलं की वरचा सा हलतो, रुंदीच्या अंगाने ठोकलं की पंचम. एक धरावा तर दुसरा निसटतो. स्वर दाखवणारं यंत्र समोर असतं, पण यंत्राने पसंत केलेला पट्टाही कधी कधी मेलेला वाजतो. शेवटचा कौल कानाचा.

हे काम आता, कार्निव्हल झाल्यावरच का? कारण जानेवारीपासून रोज रात्री तालीम, मग पॅनोरमा, मग चाकांच्या गाड्यांवर रस्त्यातून मिरवणूक, असं करत सगळे पॅन बडवून निघालेले असतात. पॅनोरमा ही वाद्यवृंदांची स्पर्धा, १९६३ पासूनची. मोठ्या बँडमध्ये शंभराच्या आसपास वादक उभे असतात. यंदा तिचा शनिवार नेमका महाशिवरात्रीला आला होता. उपास केला होता, आई. उन्हाने तापून उतरलेला स्वर गार झाल्यावर परत येतो, त्याची चिंता नाही. चिंता असते पॅन आपटल्याची, जोशात जास्त जोराने मारल्याची आणि क्रोम उडालेल्या जागी खाऱ्या हवेने धरलेल्या गंजाची. त्यात २०२१ आणि २०२२ ला रस्त्यावरचा कार्निव्हलच झाला नव्हता. दोन वर्षं पडून राहिलेले पॅन एकदम कामाला लागले आणि आता दुरुस्तीला आले आहेत.

सगळे टेनर ओळीने मांडायचे आणि तोच एक स्वर एकापाठोपाठ एक वाजवत जायचं. याला ‘ब्लेंडिंग’ म्हणतात. यंत्रावर दोन्ही बरोबर असतात, पण एक खणखणीत आणि दुसरा घसा बसल्यासारखा. शंभर हातांत तो एकटा ओळखू येतो. ज्याला नव्याने क्रोम चढवायचंय तो टाकीतून आला की पुन्हा बिघडतो, म्हणून आधी एकदा लावायचा आणि नंतर परत एकदा. माझ्याकडे सध्या फक्त खुणा करणं, गंज खरवडणं आणि पिंप धरून बसणं आहे. पगार नाही. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि शनिवार. नोकरी व्यवस्थित चालू आहे, तिच्यावर कसलाही परिणाम नाही, हे दोनदा वाचा.

ज्यांच्याकडे शिकतोय ते उन्हाळ्यात बाहेर असतात. ऑगस्टच्या सुरुवातीला टोरांटो, अखेरीस लंडनचं नॉटिंग हिल, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी ब्रुकलिन. त्रिनिदादची माणसं जिथे गेली तिथे कार्निव्हल घेऊन गेली, आणि पॅन लावणाऱ्यांना सगळीकडून बोलावणं येतं. म्हणजे शिकायला मिळतं ते जूनपर्यंत आणि मग दिवाळीच्या सुमारास. यावर आई लगेच म्हणेल, मग गणपतीत ते नसतात तर तू ये की. कारण लंगडं आहे, कबूल. रजा दहा दिवसांची, लंडनवरून किंवा न्यूयॉर्कवरून येण्याजाण्यात चार दिवस जातात, तिकिटाचे पैसे वाचले तर ताईचा हप्ता एकदम फिटेल. आणि मागच्या वेळी बाबा विमानतळावर काही न बोलता गाडीत जाऊन बसले होते. ते पुन्हा इतक्यात नको.

बाबा, मला ऐरणीपासून लांब का ठेवलंत ते मला केव्हापासूनच माहीत होतं. स्टीलच्या भांड्यांनी धंदा बसला, हे कारण तुम्ही लोकांना सांगायचात. तुमचे कान गेले तसे माझे जाऊ नयेत, म्हणून मला आत बसवून बाहेरून कडी घालायचात. त्या कडीचा मला राग होता, आता नाही. म्हणूनच सांगतो, घण चालू असताना कानात फोमचे बोळे आणि वरून मोठं आवरण, असं दोन्ही असतं. पिंप खोलगट करायच्या कामाला मी बसतच नाही. स्वर लावताना हातोडा हलका असतो आणि मधे मधे थांबून ऐकायचंच असतं. वर्षाला एकदा कान तपासतो. गेल्या महिन्याचा निकाल स्वच्छ आहे, ताईला फोटो पाठवलाय.

खाण्यापिण्याचं मुळीच मनावर घेऊ नका. घरमालकीणबाईंचे पणजोबा कलकत्त्याच्या बंदरातून मजूर म्हणून आलेले. ३० मे १८४५ ला पहिलं जहाज इथे लागलं आणि १९१७ पर्यंत येत राहिली. नातवंडं बाईंना ‘आजी’ म्हणतात. इथे वडिलांची आई ती आजी, आईची आई ती नानी. हाक ऐकून पहिल्या दिवशी मी दचकलो होतो. त्या वरणाला फोडणी देतात त्याला ‘चंके’ म्हणतात. वांग्याचा ‘चोका’ म्हणजे आपलं भरीतच, फक्त कांद्यापेक्षा लसूण जास्त. अळूची ‘सहिना’ खाल्ली तर तू म्हणशील अळूवडी तळायची घाई केली. सकाळी कोपऱ्यावर ‘डबल्स’, दोन मऊ तळलेल्या पुऱ्यांत छोले. मिरची फार तिखट, ती मी ‘स्लाइट’ सांगतो. ताशासुद्धा आहे, त्याला ‘टासा’ म्हणतात. आपला धातूचा, यांचा मातीच्या भांड्याचा, बकऱ्याच्या कातड्याचा. वाजवण्याआधी शेकोटीजवळ धरून ताण आणतात. येत्या फागव्याला, म्हणजे इथल्या होळीला, ढोलक आणि झांजांवर चौतालाची गाणी असतील, मला बोलावलंय. पिवळ्या फुलांची ‘पुई’ची झाडंही फुलायला लागलीत. रात्री एकटा फिरत नाही. उशीर झाला तर कोणीतरी सोडायला येतं.

आता ऐका. बाबांनी कानाचं यंत्र कपाटात ठेवायचं नाही. शिट्टी वाजते म्हणता ती यंत्राची खोड नव्हे, कानातला साचा सैल बसतोय. नवं माप घ्यायला पाडव्याच्या आधी जायचंच, ताई नेईल. बॅटरीवरचा कागद काढला की मिनिटभर थांबून मग बसवा. अंघोळीला जाताना यंत्र काढून ठेवा. बीपीची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सोडायची नाही. आईने माळ्यावर चढायचं नाही, स्टुलावर तर नाहीच. यंदा अधिक महिना आहे. जावयाच्या वाणाचे तेहतीस अनारसे घरी करायचा घाट घालू नकोस, विकत आण, भावजींना फरक कळत नाही. गौरींची भांडी ताईची पोरं घासतील, मी त्यांच्याशी बोललोय, लाच ठरली आहे. तुमचे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे माझे सकाळचे नऊ. रविवारी त्याच वेळी फोन करीन. बाबांनी फोन आईकडे ढकलायचा नाही.

आई, रागावली असशील तर रागाव. पण ताटात वाढून ठेवायचं आणि ‘तो असता तर’ म्हणायचं, हे नको. त्यापेक्षा माझ्या वाटचा मोदक बाबांना दे. साखर तपासून.

बाबा, एक काम आहे, तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही. मागच्या खोलीत आप्पांच्या पेटीत छोटा गोल तोंडाचा हातोडा आहे, मठारायचा. इथे मला त्याच्यासारखा मिळत नाही. इथले जड पडतात आणि स्वराच्या कडेला चरा उठतो. त्याचं वजन किराणावाल्याच्या काट्यावर करून घ्या आणि दांड्याची लांबी व तोंडाचा व्यास मोजून लिहा. इथे तसा करून घेतो. पाठवू नका, पेटीतच राहू दे.

तुमचा,
बंड्या

ता. क. दांडा बाभळीचा आहे ना? आणि तोंडाला किंचित फुगवटा आहे की अगदी सपाट, ते बोटाने चाचपून सांगा. फोटोत कळत नाही.