उशाशी कोण होतं

लीड्स, इंग्लंड, १८ मार्च

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल संध्याकाळी घरी आलो. काखेत कुबड्या आहेत, पण जिना माझा मी चढलो. प्रत्येक मजल्यावर टेकलो, ते सोड. फोनवर तू रोज एकच विचारायचीस, "उशाशी कोण आहे रे तुझ्या?" मी "आहेत गं सगळे" म्हणून विषय बदलायचो. आता निवांत बसलोय, तर सांगतो.

इथे रात्री घरचं कुणी थांबत नाही. डबा नाही, चिठ्ठी घेऊन मेडिकलला धावणं नाही, कॉटखाली चटई टाकून झोपणं नाही. पहिल्या रात्री तर वॉर्डात जागाच नव्हती, ११ तास पॅसेजमध्ये स्ट्रेचरवर काढले. तेव्हा रडलो होतो, हे आता सांगायला हरकत नाही.

बर्फावर घसरलो तेव्हा वाटलं, मांडीत रॉड घालतील आणि आठवड्यात सोडतील. पण जखमेत पू झाला, दुसरं ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक. काहींना ते घरीही देतात. पण मी एकटा, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून ५२ दिवस.

सुरुवातीला उठायचीच बंदी होती. म्हणजे सगळं कॉटवर, समजून घे. पहिल्या दिवशी भांडं मागायला मी चार तास लाजलो. सकाळी अंग पुसायला यायच्या त्या बाई साठीच्या. नर्स नव्हेत, आपल्याकडच्या मावशींसारख्या. इथे हेल्थकेअर असिस्टंट म्हणतात. पडदा ओढून घ्यायच्या, पुसायचा तेवढाच हात किंवा पाय टॉवेलाबाहेर काढायच्या, बाकी सगळं झाकलेलं. आणि दर वेळी आधी विचारणार, "आता पाठ पुसू का, लव्ह?" दचकू नकोस, इथे यॉर्कशायर भागात बसचा ड्रायव्हरही लव्हच म्हणतो. एकदा मी केस चिकट झाले म्हणून कुरकुरलो, तर मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेली शाम्पूची टोपीच घेऊन आल्या. तिला पाणी लागत नाही. ती डोक्यावर चढवून बाई किती तरी वेळ डोकं चोळत राहिल्या. रविवारी न्हाण्याआधी तू तेल घालायचीस ना, डोळे मिटले की तेच.

रात्रपाळीला केरळच्या एक सिस्टर असायच्या. तिसऱ्या की चौथ्या रात्री कूस बदलताना माझ्या तोंडून "आई गं" निघालं, आणि अंधारातून आवाज आला, "खूप दुखतंय का?" मला वाटलं, तापात भास होतोय. तर सिस्टर पूर्वी पुण्यात नोकरीला होत्या! मराठी मोजून वीस वाक्यांचं, आणि सगळं दवाखान्यातलं. श्वास घ्या, हात सैल सोडा, लघवी झाली का. हे शेवटचं इतक्या मायेनं विचारायच्या की दुखत असतानाही हसू यायचं. एका रात्री इवल्याशा डबीतून कैरीचं लोणचं आणलं त्यांनी. नियमात बसतं का, मी विचारलं नाही. भाजलेला बटाटा आणि कस्टर्डवर महिना काढलेला माणूस असलं काही विचारत नाही.

इथे प्रत्येकाच्या छातीवर पिवळा बिल्ला, 'हॅलो, माय नेम इज' आणि खाली नाव. याच यॉर्कशायरमधल्या केट ग्रेंजर नावाच्या डॉक्टर स्वतः कॅन्सरच्या पेशंट होऊन कॉटवर पडल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की येणारे-जाणारे आपलं नावसुद्धा सांगत नाहीत. २०१३ मध्ये त्यांनी ही मोहीम सुरू केली, आणि २०१६ मध्ये त्या गेल्या, अवघ्या ३४ व्या वर्षी. आता चहाची गाडी ढकलणारा पोरगाही आधी नाव सांगतो, मग दूध किती ते विचारतो. मला सगळ्यांची नावं पाठ आहेत. इथे लिहीत नाही, कारण तू या पत्राचा फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकणार.

बिल आलं नाही. व्हिसा काढतानाच आरोग्याचे पैसे भरून घेतात. तू सांगितलं होतंस तसं निघताना कुणाच्या हातावर काही ठेवताही आलं नाही, पैसे घेतच नाहीत. चॉकलेटचा डबा आणि कार्ड मात्र चाललं. कार्डावर काय लिहावं सुचेना, म्हणून सगळ्यांची नावंच लिहिली. १९ झाली. खाली मराठीत एक ओळ लिहिली, ती सिस्टरनी सगळ्यांना वाचून दाखवली. अर्थ भलताच सांगितला असणार, कारण सगळे खो खो हसले.

एक विचारायचंय. आजीचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात एक मावशी होत्या बघ, पायाला जरा अधू. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आजीची कूस बदलायच्या, तिच्या शिव्या खात खात. आपण दीड महिना त्यांना नुसतं "ओ मावशी" म्हणत होतो. त्यांचं नाव काय होतं गं? तुला आठवत नसेल तर बाबांना विचार.

तुझा,
धाकटा