डिस्चार्ज कार्डवर कारणाचा रकाना हवा

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी मेंदूविकार विभागात काम करणारी डॉक्टर आहे. दुसऱ्यांदा पक्षाघात होऊन आलेल्या रुग्णाची जुनी फाइल हातात आली की मी आधी एकच गोष्ट शोधते : पहिला झटका कशामुळे आला होता? सीटी स्कॅन असतो, रक्तदाबाच्या नोंदी असतात, ॲस्पिरिन लिहून दिलेली असते. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, हेही लिहिलेले असते. ती गुठळी आली कुठून, हे मात्र अनेकदा कुठेच नसते.

अलीकडे अशाच एका बाईंची नाडी बघितली. तीन ठोके घाईघाईने, मग काहीच नाही, मग एकदम एक जोरकस ठोका. एट्रियल फिब्रिलेशन. यात ठोक्यांची लय बिघडते, हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळते आणि गुठळी थेट मेंदूकडे जाऊ शकते. पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या तो जवळपास दोन-तृतीयांशाने कमी करतात. ॲस्पिरिनला ते जमत नाही. पहिल्या वेळी बाईंचा एकच ईसीजी काढला होता आणि त्या काही सेकंदांत ठोके अगदी नियमित पडले होते. आता त्यांची वाचा गेली आहे. पाणी हवे की कूस बदलायची, हे नवरा त्यांच्या डोळ्यांवरून ओळखतो.

ठोक्यांची ही गडबड येते आणि जाते, म्हणून ती चिकाटीने शोधावी लागते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एम्ब्रेस’ अभ्यासात, कारण न सापडलेल्या रुग्णांवर ३० दिवस लक्ष ठेवल्यावर सुमारे १६ टक्के जणांमध्ये ती सापडली. २४ तासांच्या तपासणीत जेमतेम ३ टक्के.

मेंदूला रक्त नेणारी मानेतली धमनी अरुंद होणे, हे आणखी एक कारण. तेही वेळेत शोधावे लागते. झटका आलेल्या बाजूची धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद झालेली असेल, तर शस्त्रक्रियेचा खरा फायदा पहिल्या दोन आठवड्यांत मिळतो. ते दाखवणाऱ्या डॉपलरची, म्हणजे धमनीच्या सोनोग्राफीची, तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली, तर तिचा काय उपयोग?

१९९३ पासून वापरात असलेल्या ‘टोस्ट’ वर्गीकरणात कारणांचे पाच गट आहेत. शेवटचा ‘कारण अनिश्चित’. त्यात सगळ्या तपासण्या करूनही हाती काही न लागलेले रुग्ण येतात, आणि ज्यांच्या तपासण्या पूर्ण झाल्याच नाहीत तेही येतात. पहिली वैद्यकशास्त्राची मर्यादा आहे. दुसरी आपली हयगय आहे, आणि दोन्ही एकाच नावाखाली झाकल्या जातात, याचा मला मनस्वी त्रास होतो.

म्हणून विनंती अशी की प्रत्येक डिस्चार्ज कार्डवर कारणाचा रकाना सक्तीचा करावा आणि त्यात तीन पर्याय असावेत : सापडले, शोधूनही सापडले नाही, शोध अपुरा राहिला. मानेचा डॉपलर घरी सोडण्याआधीच व्हावा. ठोक्यांची सतत नोंद ठेवणारी होल्टर यंत्रे रुग्णांना घरी नेता येतील इतक्या संख्येने असावीत. आणि तिसऱ्या पर्यायावर किती खुणा झाल्या, तो आकडा दर महिन्याला प्रत्येक रुग्णालयाकडून आपल्या टेबलावर यावा.

आपली,
मेंदूविकार विभागातील एक डॉक्टर