डॉक्टर ताई, आईच्या थकव्याचं मूळ पोटात शोधलंत, थँक्यू!

डॉक्टर ताई, नमस्कार,

तुमच्या ओपीडीत एवढी गर्दी असते की धड थँक्यू पण म्हणता येत नाही, म्हणून इथेच लिहितेय, इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींनाही कळू दे.

आईचं सगळीकडे तेच चाललं होतं. जिना चढली की धाप, लोहाच्या गोळ्या घेतल्या की हिमोग्लोबिन जरा वर, बंद केल्या की परत खाली, आणि जो तो सांगणार वय झालं, बीट-खजूर खा. तुम्ही मात्र जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे टेबलावर मांडलेत, प्रत्येक फेरिटिनच्या (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आकड्याखाली पेनाने रेघ मारत गेलात आणि विचारलंत, "काकू, दोन घास खाल्ले की पोट भरतं का?" आता गॅस आणि ढेकर याला आई आजारच मानत नाही, कोण सांगणार!

या वयात रक्त कुठून जातंय का ते बघायलाच हवं म्हणून दोन्हीकडून दुर्बीण झाली, अल्सर नाही, गाठ नाही, पण बायोप्सीत एच. पायलोरी नावाचा जंतू निघाला. पोटातल्या जंतूचा रक्ताशी काय संबंध, तर तुम्ही सांगितलंत की हा स्वतःभोवती अमोनिया तयार करून ॲसिडमध्ये तग धरतो, वर्षानुवर्षं अस्तराला सूज राहते, काहींचं ॲसिडच कमी होतं आणि जेवणातलं लोह अंगी लागायला तेच ॲसिड हवं असतं. बी १२ पण त्यात कमी पडू शकतं, काही जणांच्या प्लेटलेट्स पण.

पण मला जास्त आवडलं ते पुढचं. भाऊ मोबाईलवर वाचून हार्ट, पार्किन्सन, मायग्रेन सगळं घेऊन आला होता, तुम्ही शांतपणे म्हणालात, संबंध असेल असं दिसतं, याच्यामुळेच होतं हे सिद्ध नाही. पोटाच्या कॅन्सरचा धोका मात्र खरा, 1994 पासून मान्य झालेला, तरी बहुतेकांना तो होत नाही. आणि पोह्यांवरच्या जिरावन मसाल्याने हा जंतू येत नाही, हे ऐकून आईचा अर्धा आजार तिथेच गेला!

जंतू मारायच्या औषधांच्या 14 दिवसांच्या कोर्समध्ये तोंड कडू झालं म्हणून ती कुरकुरत होती तेव्हा तुम्ही ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शलची गोष्ट सांगितलीत, 1984 मध्ये त्याने हे जंतू मुद्दाम पिऊन स्वतःलाच आजारी पाडलं आणि 2005 ला रॉबिन वॉरनसोबत नोबेल मिळवलं. आई म्हणे, बायकोने पिऊ कसं दिलं? तिला आधी सांगितलंच नव्हतं हो, बरं का आई. कोर्समधल्या बिस्मथ या औषधाने शौच काळं होईल हेही आधीच सांगितलंत, नाहीतर आम्ही रक्त जातंय समजून रात्रीच कॅज्युअल्टीत पळालो असतो.

कोर्स संपून महिना उलटल्यावर, त्याआधी दोन आठवडे ॲसिड कमी करायची गोळी बंद ठेवून, जंतू गेला का ते बघायला ब्रेथ टेस्ट (श्वासाची तपासणी) केली, निगेटिव्ह आली. हिमोग्लोबिन चढतंय. आई विचारतेय लोहाची गोळी आता बंद करू का, मी सांगितलंय ताईंनी फेरिटिन बघितल्याशिवाय नाही. रिपोर्ट आला की घेऊन येतो.