कालवा दिसतो, आखात विसरतो

ग्रीसच्या सहलींच्या जाहिरातींत १८९३ मध्ये खुला झालेला कोरिंथचा कालवा हमखास झळकतो. तो ज्या आखाताला मिळतो त्याचा मात्र उल्लेखही नसतो, याची खंत वाटते. कोरिंथचे आखात म्हणजे भूकवचाला पडलेली भेग, आणि ती आजही वर्षाला साधारण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर रुंदावते आहे. इ.स.पू. ३७३ मध्ये भूकंप आणि लाटांनी दक्षिण किनाऱ्यावरचे हेलिके शहर एका रात्रीत गिळले. २००४ मध्ये आखाताच्या मुखाशी खुल्या झालेल्या रिओ–अँटिरिओ पुलाचे खांब म्हणूनच खडकात रोवलेले नाहीत. समुद्रतळावर अंथरलेल्या खडीच्या थरावर ते टेकवले आहेत. जमीन हादरली तर किंचित सरकावेत, पण मोडू नयेत! तिकडे जाणाऱ्यांनी हा पूल जरूर पाहावा.

– एक वाचक, ठाणे